एक लिटर पाण्याची पुडी

नात तेरा महिन्यांची होती तेव्हा आम्ही नवराबायको पाळीपाळीनं जयपूरला राहत होतो. मुलगी बँकेत अधिकारी. तिची बदली जयपूरजवळच्या बगरूच्या शाखेत झालेली. जावई नागपूरला, त्याच्या बदलीचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर अडकलेला. इकडे गावी माझी आई नव्वदीच्या पुढं, तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून दोन महिने बायको नातीजवळ राहायची, दोन महिने मी. माझ्या वाट्याला मे महिना आला.

मी निवृत्त शिक्षक. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात या शिकवण्याचा वाटा मोठा आहे.

घर जयपूरच्या झोटवाड्यात, पहिल्या मजल्यावर. खाली घरमालकीण राहायची. माझ्याच वयाची, चार मुलं आणि सहा नातवंडं हाताखालून गेलेली बाई. मी शिक्षक होतो हे कळल्यापासून ती मला 'माट साब' म्हणायची. मी तिला भाभीजी म्हणायचो. दुपारच्या वेळी ती बाळाला खाली नेऊन अंगणात खेळवायची. तेवढ्या वेळात मी भांडी आवरून घ्यायचो. आमचं बोलणं एवढंच.

सोमवारी संध्याकाळी बाळाला दोनदा पातळ शी झाली. मंगळवारी सकाळी उठल्यावर पुन्हा दोनदा, पाण्यासारखी. ताप नव्हता. मुलीच्या शाखेत त्या दिवशी तपासणी होती, वरून माणसं येणार होती. तिनं बाळाला पाजलं, पर्स खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"बाबा, रजा टाकू का?"

"तपासणीच्या दिवशी? काही नको. खेळतेय ती. मी बघतो."

"ओआरएसच्या पुड्या फ्रिजवर ठेवल्यात. उकळून गार केलेलं पाणी तांब्यात आहे. चमच्या-चमच्यानं द्या, घाई करू नका. जास्त वाटलं तर लगेच फोन करा."

"अगं, हा धडा मी एकतीस वर्षं शिकवलाय."

ती हसली. साडेआठची बस होती तिची, धावतच जिना उतरली.

धडा खरोखरच शिकवला होता. अतिसार, शरीरातलं पाणी कमी होणं, जलसंजीवनी. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. परीक्षेत दोन मार्कांना हमखास यायचं. त्याखाली मी एक वाक्य मुलांना लिहून द्यायचो, की द्रावणाची चव अश्रूंपेक्षा खारट नसावी. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं होतं, "सर, अश्रू कुणाचे?" आणि सगळा वर्ग हसला होता.

नऊच्या सुमाराला बाळाला पाचव्यांदा झाली. तिला एका कडेवर घेऊन मी फ्रिजवरची पुडी काढली. आता इथं जे झालं ते नीट सांगायला हवं. आदल्या आठवड्यात मी बाजारातून उन्हात चालत आलो होतो आणि मला गरगरायला लागलं होतं. तेव्हा मुलीनं मला छोट्या पुडीचं ओआरएस करून दिलं होतं. एक पुडी, एक ग्लास पाणी. त्या छोट्या पुड्या संपल्या म्हणून तिनं नव्या आणल्या होत्या, त्या मोठ्या होत्या. रंग तोच, अक्षरं तीच. माझा चष्मा बैठकीत राहिलेला. बाळ कडेवर रडत होतं. मी पुडी दातानं फाडली, फुलपात्रात ओतली, वर पाणी घातलं आणि ढवळलं. सगळी पूड विरघळायला वेळ लागला, तळाशी थोडी राहिली. ती मी पुन्हा ढवळली.

जुन्या सवयीनं एका वहीत तक्ता आखला. वेळ, शी, शू, उलटी, चमचे. डायपर काढून तिला सुती लंगोट बांधला, कारण डायपरमध्ये सगळं एकत्र होतं आणि शू झाली की नाही ते कळत नाही. हे मला माहीत होतं. मला बरंच काही माहीत होतं.

पहिल्या चमच्याला तिनं तोंड वेडंवाकडं केलं. औषध कुठल्या मुलाला आवडतं, असं म्हणून मी दुसरा दिला. पाच चमच्यांनंतर उलटी झाली. घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलो, मग पुन्हा सुरुवात केली, दोन चमच्यांच्या मध्ये दोन-तीन मिनिटं सोडून. हेही अगदी बरोबर होतं.

दहाच्या सुमाराला भाभीजी वर आल्या. जिन्यात वाळत घातलेले लंगोट त्यांनी पाहिले होते. हातात गोळ्यांची एक अर्धी पट्टी होती आणि कागदात बांधलेली चहाची पूड.

"माट साब, दूध बंद करो. पेट को आराम दो," त्या म्हणाल्या. पट्टीतली अर्धी गोळी आईच्या दुधात घासून दिली की दुपारपर्यंत दस्त, म्हणजे जुलाब, थांबतील, त्यांच्या धाकट्या नातवाचे असेच थांबले होते, असं त्यांचं म्हणणं. औषधाच्या दुकानातून न विचारता मिळते, त्यात काय एवढं.

मी त्यांना बसवलं आणि समजावून सांगितलं. हिंदीत, वर्गात सांगावं तसं. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या एवढ्या लहान मुलांना द्यायच्या नसतात, आतडं हलायचंच थांबतं, पोट फुगतं, आतली घाण आतच राहते. दूध बंद करायचं नाही, खाणं बंद करायचं नाही. जुलाबानं मूल दगावत नाही, अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं दगावतं, म्हणून तेच परत भरायचे. चहाची पूड तर नाहीच नाही. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी पट्टी ओढणीच्या टोकात बांधली, "आप पढ़े-लिखे हो," म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्यांच्या आवाजात राग होता की नाही, मी पाहिलं नाही. मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. एका बाईला चार चुकीच्या गोष्टींपासून वाचवलं असं वाटत होतं.

अकराला वहीत अठरा चमचे झाले होते. शी सहा वेळा. शूच्या रकान्यात नऊनंतर काही नव्हतं.

तेव्हापासून बाळ बदललं. आधी ती चमचा ढकलत होती, आता चमच्यासाठी झेपावू लागली. फुलपात्र दिसलं की दोन्ही हात पुढं करायची. मला वाटलं, तहान लागलीय म्हणजे चांगलंच आहे, पिऊ दे. मी चमचा बाजूला ठेवला आणि फुलपात्रच तिच्या तोंडाला लावलं. दोन मोठे घोट प्यायली आणि रडायला लागली.

तसं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. बारीक, उंच, एकसुरी. कडेवर घेतलं तरी थांबेना, खाली ठेवलं तरी थांबेना. तिचा आवडता लाकडी हत्ती हातात दिला तर तिनं तो फेकलाही नाही, नुसता सुटून पडला. पाठीवर हात ठेवला की दचकायची. डोळे कोरडे, जीभ टाळूला चिकटलेली. पुस्तकातली खूण आठवून मी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली. सोडल्यावर ती लगेच सपाट झाली. पाणी कमी झालं असतं तर घडी राहिली असती, असा हिशेब करून मला क्षणभर धीर आला. पण ती कातडी बोटांना काहीतरी वेगळीच लागली होती. मळलेल्या कणकेसारखी, मऊ आणि जड. हे कुठल्या धड्यात नव्हतं.

मुलीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तपासणीच्या खोलीत फोन बाहेर ठेवायला लावतात, हे ती मागे एकदा म्हणाली होती. बायकोला लावणार होतो, पण सातारच्या बाजूला बसून ती काय करणार, नुसती घाबरून जाईल, म्हणून ठेवून दिला. कूलरचा आवाज, त्यावर ते रडणं. मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत होतो आणि दर फेरीला तिला एक घोट देत होतो.

जिन्यात पावलं वाजली. भाभीजी एका वाटीत मुगाच्या खिचडीचं पातळ पाणी घेऊन आल्या होत्या. सकाळचं काही मनात न धरता. रडणं ऐकून त्यांनी वाटी खाली ठेवली, बाळाला माझ्याकडून घेतलं आणि तिचं तोंड पाहिलं.

"ये कब से ऐसे रो रही है?"

"अर्धा तास झाला. पाणी मागतेय, पाजतोय मी."

त्यांनी फुलपात्र उचललं. तळहातात मावेल एवढं द्रावण उरलं होतं. मी सांगू लागलो की यात क्षार आहेत, साखर आहे. त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. नंतर कळलं, लहान मुलाला काहीही द्यायच्या आधी त्या नेहमीच चाखून बघायच्या, दूध असो नाहीतर औषध. त्या वेळी मला एवढंच दिसलं की त्यांचा चेहरा आक्रसला आणि त्यांनी ओढणीनं जीभ पुसली.

"माट साब, ये तो समंदर है। आपने चखा नहीं?"

मी फुलपात्र त्यांच्या हातातून घेतलं आणि एक घोट घेतला. घशाखाली उतरेना. मी कचऱ्याच्या डब्यात हात घालून फाटलेली पुडी काढली, बैठकीत जाऊन चष्मा लावला. 'एक लिटर पिण्याच्या पाण्यात' असं हिंदीत आणि इंग्रजीत, दोन्ही बाजूंना छापलं होतं. फुलपात्रात पाव लिटरसुद्धा पाणी मावत नव्हतं.

मी फक्त त्या अक्षरांकडे बघत उभा राहिलो. भाभीजींनी माझा दंड धरून हलवलं तेव्हा भानावर आलो.

"खड़े मत रहो। चलो।"

त्यांनी बाळाला ओल्या पंच्यात गुंडाळलं. मी वही, पुडी आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली. वही का घेतली ते सांगता येणार नाही. हाताला लागली म्हणून घेतली. बाहेर लू, तो उन्हाळ्यातला भाजणारा वारा, चालली होती, डोळे उघडत नव्हते. पहिल्या दोन रिक्षांनी नाही म्हटलं. तिसऱ्यापुढं भाभीजी सरळ रस्त्यात जाऊन उभ्या राहिल्या.

मुलांच्या सरकारी दवाखान्यापर्यंत अर्धा तास लागला. रिक्षात भाभीजींनी ओढणी भिजवून बाळावर धरली होती. रडणं आता तुटक झालं होतं, मधेच थांबायचं, आणि ते थांबलं की मला जास्त भीती वाटायची. मी तिच्या छातीवर हात ठेवून बसलो होतो. भाभीजींनी बाटलीचं झाकण काढलं.

"सादा पानी दूँ?"

मला उत्तर माहीत नव्हतं. खारट इतकं गेलंय म्हणजे साधं पाणी द्यावं, हे एक मन म्हणत होतं. आणखी एक चूक होईल, हे दुसरं. मी म्हटलं, दोन चमचे द्या, जास्त नको. तिनं ते असे ओढून घेतले की चमचा दातांत अडकला. नुकतेच आलेले चार दात.

त्याच रिक्षात माझ्या मनात आलेली एक गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. दवाखान्यात काय सांगायचं? जुलाब होतायत, एवढं तर खरंच होतं. कालपासून सहा वेळा, उलटी एकदा, ओआरएस दिलं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ते पुढचं बघून घेतील, डॉक्टर आहेत. मुलीलाही मग तेवढंच कळेल. रेल्वे फाटकापाशी रिक्षा थांबली होती तेव्हा हा विचार आला आणि फाटक उघडेपर्यंत तो माझ्याजवळच होता.

आत गर्दी होती. भाभीजींनी रांग मोडली, दोघातिघांनी आरडाओरडा केला, त्यांनी बाळाचं तोंड दाखवलं तशी वाट झाली. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं बाळाला टेबलावर निजवलं, डोळ्यांत बॅटरी मारली, टाळूवरचा मऊ भाग चाचपला.

"क्या हुआ है?"

"दस्त। कल शाम से।"

"ओआरएस दिया?"

"दिया।"

"कैसे बनाया?"

मी गप्प झालो. दोन-तीन सेकंदच असतील. भाभीजी माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या सहज बोलू शकल्या असत्या. मी पिशवीतून पुडी काढून टेबलावर ठेवली.

"ही पूर्ण पुडी मी एवढ्या भांड्यात केली," मी हातानं माप दाखवत हिंदीत म्हटलं. "चूक माझी. तिच्या आईची नाही."

डॉक्टरनं मान वर केली. रागावली नाही. "कितना पिया? अंदाज़ा?"

मी वही दिली. ती तक्त्यावरून बोट फिरवत गेली. वेळ, चमचे, उलटी कधी, त्यानंतर किती. एका रकान्यापाशी थांबली. "ये 'शू' क्या है?"

"पेशाब।"

"नौ बजे के बाद नहीं हुआ?"

"नाही."

तिनं नर्सला हाक मारली. रक्त घ्यायचं होतं, सुई लावायची होती. अंगातलं पाणी कमी झालं की शिरा सापडत नाहीत. एका हातावर जमलं नाही, दुसऱ्यावर जमलं नाही. पायावर तिसऱ्यांदा लागली. मला बाहेर जायला सांगितलं होतं, मी गेलो नाही. बाळाचं डोकं मी दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं.

रक्ताचा निकाल येईपर्यंत डॉक्टरनं मला थोडक्यात सांगितलं. रक्तातलं मीठ वाढलं असेल तर तहान भागत नाही, मूल चिडतं, झटके येऊ शकतात. कातडीच्या चिमट्यावरही मग विसंबता येत नाही. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे मीठ भराभर उतरवणं. ते हळूहळूच उतरवावं लागतं, नाहीतर मेंदूला सूज येते. "आपने बता दिया, अच्छा किया। नहीं तो हम दूसरे हिसाब से चलते।" एवढं बोलून ती पुढच्या मुलाकडे गेली. दुसरा हिशेब म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

त्यामुळं पुढचे काही तास असे गेले की बाळ पाण्यासाठी तडफडत होतं आणि पाणी समोर असून आम्हाला देता येत नव्हतं. सलाईनचा थेंब पडायचा, थांबायचा, पडायचा. ठरलेल्या वेळानं ठरलेले चमचे, एवढंच. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिच्या मुलाला वाटीनं पाजायला घेतलं की आमचं बाळ तिकडे मान वळवायचं. भाभीजींनी उठून मध्ये उभं राहायला सुरुवात केली, दिसू नये म्हणून.

एकदा बाळाचा डावा हात हलायला लागला. बारीक, लयीत, ठक ठक ठक. मी "सिस्टर" म्हणून ओरडलो. नर्स आली, डॉक्टर आली. डॉक्टरनं तो हात आपल्या हातात धरला, तिच्या डोळ्यांत बघत राहिली, दुसऱ्या हातानं घड्याळ पाहत होती. हात थांबला. ती तशीच पाच मिनिटं उभी राहिली. पुन्हा झालं नाही. "लगातार देखते रहिए," ती म्हणाली. मी कुठं बघणार होतो दुसरीकडे?

निकाल आला. मीठ वाढलेलं होतं, पण वेळेवर आणलं होतं. पहिल्या चमच्यांतलं काही उलटीत गेलं होतं, ते नशीब.

मुलीचा फोन अडीचला आला. मी एवढंच सांगितलं की दवाखान्यात आहोत, बाळ जागं आहे, ये. ती आली तेव्हा गळ्यात बँकेचं ओळखपत्र तसंच होतं, केस धुळीनं पांढरे झालेले. बगरूहून मिळेल त्या गाडीनं आली होती. ती खाटेकडे धावली आणि मी तिला मध्येच थांबवलं. आधी बोललो नाही तर पुन्हा धीर होणार नाही, असं वाटलं.

"ऐक. जुलाबानं इतकं झालं नाही. मी ओआरएस चुकीचं केलं. लिटरची पुडी फुलपात्रात केली. अर्ध्याहून जास्त पाजलं तिला. भाभीजींनी चाखलं म्हणून कळलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाजूनं निघून खाटेपाशी गेली. नर्स म्हणाली, "आप माँ हैं? दूध पिलाइए, उसकी मनाही नहीं है।" ती खाटेवर बसली, माझ्याकडे पाठ करून, सलाईनची नळी सांभाळत तिला मांडीवर घेतलं. बाळ लगेच पिऊ लागलं. तो तुटक आवाज दिवसभरात पहिल्यांदा बंद झाला. बऱ्याच वेळानं, न वळता, ती म्हणाली, "पुडीवर लिहिलेलं असतं ना बाबा."

"असतं."



संध्याकाळच्या रक्तात मीठ थोडं उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या रक्तात आणखी. नऊच्या सुमाराला नर्स चादर बदलायला आली आणि तिनं लंगोट वर धरला, ओला, जड. "लो, हो गया पेशाब!" मुलगी तो लंगोट हातात घेऊन रडायला लागली. मी व्हरांड्यात गेलो. तिथं भाभीजी भिंतीला टेकून झोपल्या होत्या. कालपासून त्या घरी गेल्याच नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सोडलं. सोडताना डॉक्टरनं मुलीला आणि मला दोघांनाही समोर उभं केलं आणि लिटरची बाटली मागवली. पुडी मुलीच्या नाही, माझ्या हातात दिली. "बनाइए।" मी बाटली काठोकाठ आहे का बघितली, पातेल्यात ओतली, पुडी फोडली, ढवळलं आणि न सांगता चमच्यानं चाखलं. तिनं मान हलवली. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. झिंकची गोळी रोज एक, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. खाणं चालू, आणि पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. शीमध्ये रक्त दिसलं, मूल सुस्तावलं, सगळं उलटून टाकू लागलं, शू थांबली, तर वाट न बघता आणायचं. जुलाब कशानं झाले असं मुलीनं विचारलं. या वयात सगळं तोंडात जातं, ती म्हणाली, हात धुवा.

घरी आल्यावर मुलीनं आठवडाभर रजा घेतली. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. गोळी विरघळवायची तर चमचा तिच्याच हातात असायचा. मी चौथ्या दिवशी म्हटलं, "तुझ्या आईला बोलावून घेऊ. तुझ्या आजीकडे माझ्या बहिणीला ठेवतो थोडे दिवस. मी जातो परत."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "आईला बोलवा," ती म्हणाली. "पण तुम्ही जाऊ नका. मला राग आलाय. रोज सकाळी उठले की येतो. तुम्ही इथं असाल तर कमी होईल कधीतरी. गेलात तर तसाच राहील."

मग मी राहिलो. गावी आईजवळ बहीण राहायला गेली आणि बायको इकडे आली. तिनं सगळं ऐकून घेतलं, पहिले दोन दिवस मला स्वयंपाकघरात फिरकू दिलं नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, चहा टाका.

भाभीजींकडे मी एकटाच गेलो. त्या दिवशी सकाळी त्यांना जे व्याख्यान दिलं होतं त्याबद्दल माफी मागायला. त्या गहू निवडत होत्या. "पर वो गोली वाली बात?" त्यांनी विचारलं. "वो भी ग़लत थी क्या आपकी?"

"नाही, ती बरोबर होती," मी म्हटलं. "ती गोळी लहान मुलांना खरंच द्यायची नाही. डॉक्टरांनापण विचारून घेतलं मी."

त्या उठून आत गेल्या, डब्यातून ती अर्धी पट्टी आणली आणि माझ्याकडून तिच्यावरचं सगळं वाचून घेतलं, बारीक अक्षरांसकट. मग विचार करत बसल्या. धाकट्या नातवाला तीन वेळा दिली होती, म्हणाल्या. पट्टी त्यांनी चुलीत टाकली नाही की फेकली नाही. सुनेला दाखवायची म्हणून बाजूला ठेवली.

शाळेत माझ्या जागेवर जी बाई विज्ञान शिकवते तिला जूनमध्ये मी फोन केला. म्हटलं, अतिसाराचा धडा घेशील तेव्हा वर्गात दोन पुड्या घेऊन जा, एक छोटी, एक मोठी. मुलांना नुसतं लिहून देऊ नकोस. त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घे, मोजून करून घे आणि प्रत्येकाला चाखायला लाव. तिला वाटलं, निवृत्त माणसाला काहीतरी सुचलंय. "सर, एवढी चूक कोण करतं हो?" ती हसत म्हणाली.

"मी केली," मी म्हटलं, आणि सांगितलं.

तिचं हसणं थांबलं. मग तिनं विचारलं, "आणि बाळ? बाळ कसंय आता?"

मी गॅलरीतून खाली पाहिलं. अंगणात भाभीजींनी तिला पाटावर बसवलं होतं. तिच्यापुढं दहीभाताची वाटी होती, आणि निम्मा भात तिच्या केसांत गेला होता.

"जेवतेय," मी म्हटलं.